शेअर बुक व्हॅल्यूच्या खाली मिळतोय? आधी निव्वळ मूर्त मालमत्ता काढा

शेअरबाजारात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दोन-चार महिन्यांतच कोणीतरी सांगतं, "अरे, बुक व्हॅल्यूच्या खाली मिळतोय, घेऊन टाक." सांगणाऱ्याने ताळेबंद उघडलेला असतोच असं नाही. बुक व्हॅल्यू म्हणजे कंपनीची एकूण मालमत्ता वजा एकूण देणी, भागिले शेअरची संख्या. हिशेब बरोबर आहे. पण त्या मालमत्तेत कारखान्याची जमीन, यंत्रं, गोदामातला माल, बँकेतले पैसे असतात, तसंच गुडविल, ब्रँड, सॉफ्टवेअर, परवाने, पेटंटही असतात. हा दुसरा गठ्ठा, म्हणजे हाताला न लागणारी अमूर्त मालमत्ता, बाजूला काढला की उरते ती मूर्त मालमत्ता, आणि तिच्यातून सगळी देणी वजा केली की निव्वळ मूर्त मालमत्ता.

गठ्ठा बाजूला का काढायचा, हे किंगफिशर एअरलाइन्सला कर्ज देणाऱ्या बँकांना विचारावं. तारण घेताना ‘किंगफिशर’ या ब्रँडचं मूल्यांकन चार हजार कोटींच्या घरात झालं होतं. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी तो ब्रँड ३६६.७० कोटींच्या राखीव किमतीला लिलावात काढला, तर एकही बोली आली नाही. विमानं जमिनीवर आल्यावर नावाला कोण विचारणार? पण म्हणून मूर्त मालमत्ता म्हणजे बंदा रुपया असंही समजू नका. त्याच कंपनीचं विलेपार्ल्यातलं ‘किंगफिशर हाउस’ मार्च २०१६ मध्ये दीडशे कोटींच्या राखीव किमतीने लिलावाला आलं, फेऱ्यांमागून फेऱ्या रिकाम्या गेल्या आणि शेवटी २०२१ मध्ये ते सुमारे ५२ कोटींना विकलं गेलं. अमूर्ताला गिऱ्हाईकच मिळालं नाही, मूर्ताला एक-तृतीयांश भाव आला. हे दोन लिलाव डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

## हाताशी काय हवं

- कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल, जमल्यास मागच्या तीन वर्षांचे. बीएसई, एनएसई किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीच्या विभागात पीडीएफ फुकट मिळते.
- सप्टेंबरअखेरचे सहामाही निकाल. जून आणि डिसेंबरच्या निकालांबरोबर ताळेबंद सहसा येत नाही, सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांबरोबर येतो.
- शेअरहोल्डिंग पॅटर्न. आजची शेअरसंख्या आणि प्रलंबित वॉरंट, म्हणजे पुढे नवे शेअर घ्यायचे दिलेले हक्क, इथे दिसतात.
- क्रिसिल, इक्रा, केअर यांपैकी कोणी कंपनीच्या कर्जाला मानांकन दिलं असेल तर त्याचा अहवाल. हे अहवाल लोक वाचत नाहीत, आणि वार्षिक अहवालात गुळमुळीत लिहिलेली गोष्ट तिथे बऱ्याचदा सरळ लिहिलेली असते.
- एक्सेल किंवा वही. मी अजून वहीच वापरतो.

तयार आकडे देणारी संकेतस्थळं कंपन्या चाळायला उत्तम, पण शेवटचा हिशेब त्यांच्यावरून करू नका. काही ठिकाणी ‘फिक्स्ड ॲसेट्स’ या एकाच ओळीत यंत्रं, गुडविल आणि भाड्याच्या जागेचा हक्क हे सगळं एकत्र बसवलेलं असतं.

## १. एकत्रित ताळेबंदच घ्या

अहवालात दोन ताळेबंद असतात, एकट्या कंपनीचा म्हणजे स्टँडअलोन आणि उपकंपन्या धरून केलेला म्हणजे कन्सॉलिडेटेड. आधी दिसतो तो स्टँडअलोन, म्हणून नवखा माणूस तोच उचलतो. इथे पहिला सापळा आहे. समजा कंपनीने दुसरी कंपनी ३०० कोटींना विकत घेतली आणि तिची खरी मालमत्ता १०० कोटींचीच आहे. स्टँडअलोन ताळेबंदात हे ३०० कोटी ‘उपकंपन्यांतील गुंतवणूक’ या सोज्वळ नावाखाली दिसतील. कन्सॉलिडेटेडमध्ये मात्र त्यातले २०० कोटी गुडविल किंवा ब्रँड म्हणून वेगळे पडतील. कागद तोच, फोड वेगळी.

आणि एकक बघा. एका कंपनीचे आकडे लाखांत, दुसरीचे कोटींत, तिसरीचे दशलक्षांत असतात. ताळेबंदाच्या वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

## २. अमूर्त ओळींवर खूण करा

कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमुळे भारतीय ताळेबंदाची मांडणी ठरलेली आहे, हे आपलं नशीब. मालमत्तेच्या बाजूला साधारण असा क्रम येतो: जमीन-इमारती-यंत्रं, उभारणी चालू असलेली कामं, गुंतवणूक म्हणून धरलेल्या जागा, गुडविल, इतर अमूर्त मालमत्ता, विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता. शेवटच्या तिन्हींवर खूण करा. तिसरी ओळ हमखास सुटते. नव्या उत्पादनाच्या संशोधनावर झालेला खर्च नफा-तोट्यात न टाकता तिथे साठवलेला असतो. वाहन आणि औषध कंपन्यांत ही रक्कम मोठी असू शकते.

गुडविल म्हणजे विकत घेतलेल्या धंद्याच्या मोजता येण्याजोग्या मालमत्तेपेक्षा वर मोजलेले पैसे. नावाजलेली खानावळ चालवायला घेताना भांडी, टेबलं, शेगड्या यांच्या किमतीवर जी रक्कम मोजावी लागते, ती. इंड एएस, म्हणजे भारतीय लेखा मानकांच्या, नियमांप्रमाणे गुडविलवर दरवर्षी ठरावीक घट धरत नाहीत, वर्षातून एकदा ‘अजून तेवढ्या किमतीचं आहे का’ याची चाचणी घेतात. चाचणीतले भविष्याचे अंदाज व्यवस्थापनच मांडतं, म्हणून वाईट बातमी उशिरा येते, आणि येते तेव्हा एकदम येते.

आता एक काल्पनिक उदाहरण. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, आकडे कोटी रुपयांत:

| ओळ | रक्कम |
|---|---|
| जमीन, इमारती, यंत्रं | २१० |
| उभारणी चालू असलेली कामं | २० |
| गुडविल | ४५ |
| इतर अमूर्त मालमत्ता | १५ |
| विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता | १० |
| गुंतवणुका | ४० |
| डिफर्ड टॅक्स मालमत्ता | १२ |
| मालसाठा | ११० |
| ग्राहकांकडून येणी | १३० |
| रोख व बँक शिल्लक | २८ |
| इतर | २० |
| एकूण मालमत्ता | ६४० |
| एकूण देणी | ३४० |
| उपकंपन्यांतला इतरांचा हिस्सा | ८ |

अमूर्त ओळी ४५ अधिक १५ अधिक १०, म्हणजे ७०.

## ३. वजाबाकी करा, भागाकार करा

६४० मधून ७० गेले, ५७० उरले. ३४० ची देणी गेली, २३०. उपकंपन्यांत बाहेरच्या भागधारकांचा ८ कोटींचा हिस्सा आहे, तो आपला नाही, म्हणून २२२. प्रेफरन्स शेअर असतील तर तेही इथेच वजा करा, त्यांचा नंबर आपल्या आधी लागतो.

कंपनीचं भागभांडवल ४० कोटी आणि दर्शनी मूल्य १० रुपये, म्हणजे ४ कोटी शेअर. २२२ भागिले ४, शेअरमागे निव्वळ मूर्त मालमत्ता ५५.५० रुपये. बुक व्हॅल्यू ७३ रुपये येते. बाजारात भाव ६८ असेल, तर "बुक व्हॅल्यूच्या खाली" हे खरं आहे, आणि मूर्त मालमत्तेच्या सव्वापट भाव हेही खरं आहे.

भागाकारात दोन गोष्टी चुकतात. मार्चच्या ताळेबंदानंतर बोनस (फुकट दिलेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) झाला असेल तर शेअरसंख्या आजचीच धरा, नाहीतर आजचा भाव आणि जुनी संख्या यांची सांगड बसत नाही. दुसरं, मार्चनंतर जाहीर झालेला अंतिम लाभांश त्या ताळेबंदाच्या देण्यांत नसतो. तो दिला गेला असेल तर तेवढे पैसे आता कंपनीत नाहीत.

## ४. एका खऱ्या कंपनीवर ताडून पाहा

हिंदुस्तान युनिलिव्हर घ्या. १ एप्रिल २०२० पासून ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर, म्हणजे हॉर्लिक्स आणि बूस्टवाली कंपनी, तिच्यात विलीन झाली. ग्लॅक्सोच्या एका शेअरमागे युनिलिव्हरचे ४.३९ शेअर असं प्रमाण होतं. मार्च २०२० ला युनिलिव्हरच्या भागधारकांचा निधी, म्हणजे मालमत्ता वजा देणी, सुमारे ८,००० कोटी होता, वर्षभराने तो ४७,००० कोटींच्या पुढे गेला. वरवर बघणाऱ्याला वाटेल, कंपनी वर्षात सहापट झाली. पण मालमत्तेच्या बाजूला त्याच वर्षी सुमारे १७,३०० कोटींचं गुडविल आणि सुमारे २८,००० कोटींचे ब्रँड व इतर अमूर्त मालमत्ता दिसते. शेअर साधारण २३५ कोटी. बुक व्हॅल्यू २०० रुपयांच्या आसपास, आणि निव्वळ मूर्त मालमत्ता दहा रुपयांच्याही आत. भाव तेव्हा सुमारे २,४०० रुपये.

जरा पुढे गेलेल्यांसाठी एक बारकावा. विलीनीकरणात ब्रँड पुस्तकात आले की त्यांच्यापोटी डिफर्ड टॅक्सची, म्हणजे पुढे भरायच्या कराची, देणीही उभी राहतात. ब्रँड वजा केले तर त्यांच्याशी जोडलेली ही देणी आकड्यात परत जमा धरायला हवीत, नाहीतर एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा होते. युनिलिव्हरच्या बाबतीत तसं केलं तर आकडा थोडा वर सरकतो, पण २,४०० च्या जवळपासही जात नाही.

याचा अर्थ शेअर महाग होता असा नाही. लोक इथे साबणाच्या कारखान्याचे पैसे मोजत नव्हते, घराघरांतल्या सवयीचे मोजत होते. ते पैसे मोजावेत की नाही याचा निर्णय नफ्यावरून, रोकडीच्या आवकीवरून होतो. निव्वळ मूर्त मालमत्ता तिथे फक्त एवढंच सांगते की सवय मोडली तर खाली धरायला फारसं काही नाही. मला विचाराल तर या आकड्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे: तुमच्या ६८ किंवा २,४०० रुपयांतले किती दिसणाऱ्या वस्तूंचे आणि किती विश्वासाचे, हे तो वेगळं करून दाखवतो. ‘घ्या’ किंवा ‘विका’ हे तो सांगत नाही.

## ५. ‘मूर्त’ म्हणून उरलेल्या ओळी चाळून काढा

इथे घाई करू नका. मघाचे २२२ कोटी हा कच्चा आकडा आहे.

येणी. एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना येण्यांचा वयवार तक्ता द्यावा लागतो: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तीन वर्षांवरची. त्यातच वादग्रस्त येणी वेगळी दाखवतात. हा तक्ता टीपांमध्ये असतो आणि वार्षिक अहवालातलं माझं सगळ्यात आवडतं पान आहे. एक वर्षावरची येणी मी निम्मीच धरतो, तीन वर्षांवरची शून्य. सरकारी खात्यांकडून पैसे यायचे असतील तर ते बुडत नाहीत पण वेळेवरही येत नाहीत, तिथे थोडी सूट द्यावी.

मालसाठा. विक्री तेवढीच आणि साठा दरवर्षी वाढतोय, तर गोदामात काय पडून आहे हा प्रश्न विचारा. लेखापरीक्षकांच्या अहवालाला ‘केरो’ नावाची पुरवणी जोडलेली असते. माल आणि येणी तारण ठेवून पाच कोटींच्या वर खेळतं भांडवल मंजूर झालं असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं आणि कंपनीची पुस्तकं जुळतात का, हे लेखापरीक्षकाला तिथे लिहावं लागतं. बँकेला साठा जास्त दाखवलेला असेल तर फरकाची रक्कमच छापलेली सापडते.

उभारणी चालू असलेली कामं. यांचाही वयवार तक्ता येतो. तीन वर्षांहून जुनं काम ‘चालू’ म्हणून दाखवलं असेल, तर ते चालू नाही, अडकलं आहे.

जमीन. कोणत्या जागांची खरेदीखतं कंपनीच्या नावावर नाहीत, याची यादी आता द्यावी लागते. ती बघाच. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: एमआयडीसीतला प्लॉट कंपनीच्या मालकीचा नसतो, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. दुसऱ्याला द्यायचा तर महामंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि हस्तांतरण शुल्क भरावं लागतं. "चाकणला दहा एकर जागा आहे, तिचीच किंमत अमुक कोटी" असं कोणी सांगितलं, तर भाडेपट्ट्याची किती वर्षं उरली आहेत हे विचारा.

भाडेपट्ट्याचाच दुसरा प्रकार म्हणजे ‘वापराचा हक्क’ ही ओळ. दुकानं, कार्यालयं, विमानं भाड्याने घेतली की एप्रिल २०१९ पासून मालमत्तेत हक्क आणि देण्यांत भाड्याची बाकी असं दोन्ही दाखवतात. दोन्ही ठेवा किंवा दोन्ही काढा. फक्त हक्क काढून देणी तशीच ठेवली तर कंपनी विनाकारण भिकारी दिसते.

रोख. हिला तरी काय तपासायचं, असं वाटतं. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. घरबसल्या करता येईल अशी तपासणी सोपी आहे: नफा-तोटा पत्रकात बँक ठेवींवरचं व्याज किती मिळालं ते बघा आणि ठेवींच्या रकमेने भागून दर काढा. ठेवी १०० कोटींच्या आणि व्याज एक कोटी असेल, तर एकतर पैसे वर्षभर नव्हते, नाहीतर तिथे काहीतरी मुरतंय. आणि हाताशी एवढी रोकड असूनही कंपनी महागडं कर्ज घेत असेल, तर का, हे विचारायला हवं.

प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मालकांच्या, इतर कंपन्यांना दिलेली कर्जं आणि आगाऊ रकमा. ही ओळ मोठी दिसली की मी ती शून्य धरून हिशेब पुन्हा करतो.

डिफर्ड टॅक्स मालमत्ता. पुढे नफा झाला तर कर वाचेल, अशी ही आशा. नफा नसलेल्या कंपनीत तिला काही अर्थ नाही. काढून टाका.

आता आपल्या कंपनीकडे परत. डिफर्ड टॅक्सचे १२ गेले. एक वर्षावरची येणी २४ कोटींची आहेत, निम्मी म्हणजे १२ गेली. साठ्यातला दहावा भाग पडून राहिलेला धरला, ११ गेले. २२२ चे १८७ झाले, शेअरमागे ४६.७५. भाव तोच ६८, पण आता तो मूर्त मालमत्तेच्या जवळजवळ दीडपट आहे.

## ६. ताळेबंदात न आलेली देणी

टीपांमध्ये ‘संभाव्य देणी’ असा मथळा शोधा. चालू असलेले करवाद, कोर्टकचेऱ्या, दुसऱ्यांच्या कर्जाला दिलेल्या हमी इथे असतात. वजाबाकीत त्या धरलेल्या नसतात, कारण कंपनीच्या मते त्या द्याव्या लागण्याची शक्यता कमी असते. दूरसंचार कंपन्यांचा एजीआरचा वाद, म्हणजे सरकारला द्यायचं शुल्क कोणत्या उत्पन्नावर मोजायचं हा वाद, वर्षानुवर्षं चालला होता. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि व्होडाफोन आयडियाने सप्टेंबर २०१९ च्या एका तिमाहीत ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवला. संभाव्य देण्यांची बेरीज निव्वळ मूर्त मालमत्तेच्या चौथ्या हिश्शाच्या वर जात असेल, तर एकेक वाद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ७. धंदा कोणता, ते बघून मोजमाप बदला

कारखानदारी, व्यापार, जहाजं, साखर, कापड, धातू: इथे हा आकडा बोलतो.

आयटी, रोजच्या वापराच्या वस्तू, औषधांचे ब्रँड: इथे तो फारसं बोलत नाही. कंपनीने स्वतः वाढवलेला ब्रँड पुस्तकात येतच नाही, फक्त विकत घेतलेला येतो. म्हणून या धंद्यांत दोन कंपन्यांची बुक व्हॅल्यू शेजारी ठेवणंच चुकीचं. अमूर्त काढून टाकल्यावर निदान दोघी एका पातळीवर येतात.

बँका आणि वित्तसंस्था: त्यांची मालमत्ता म्हणजे दिलेली कर्जं. पुस्तकात ती मूर्तच असतात, प्रश्न परत येतील का एवढाच. निव्वळ थकीत कर्जं वजा करून घ्या आणि तरीही सावध राहा. मार्च २०१९ च्या ताळेबंदात घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएलच्या भागधारकांचा निधी हजारो कोटींचा दिसत होता. २०२१ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेतून कंपनी दुसऱ्याकडे गेली तेव्हा शेअरधारकांच्या हाती शून्य आलं. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये पैसे वाटायचा क्रम दिलेला आहे, आणि साध्या शेअरधारकाचा नंबर सगळ्यांत शेवटी आहे.

रस्ते बांधून टोल घेणाऱ्या कंपन्यांत गंमत होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलवसुलीचा हक्क २०२० मध्ये आयआरबीने ८,२६२ कोटींना घेतला. रस्ता सिमेंटचा आहे, त्यावरून आपण गाडी नेतो, पण तो कंपनीचा नाही. कंपनीकडे आहे तो ठरावीक मुदतीपर्यंत टोल घ्यायचा हक्क, आणि हिशेबात तो अमूर्त मालमत्ता म्हणून बसतो. तो सरसकट काढला तर अशी कंपनी कर्जात बुडालेली दिसेल. दूरसंचार कंपन्यांच्या स्पेक्ट्रमचंही, म्हणजे लहरी वापरायच्या हक्काचंही, असंच. मुदतीचे, पैसे आणणारे हक्क वेगळ्या ओळीत ठेवा आणि उरलेल्या वर्षांच्या उत्पन्नावर त्यांचा वेगळा विचार करा.

विमान कंपन्यांत तर आकडा उणेही येतो. इंडिगोची कंपनी इंटरग्लोब एव्हिएशन हिचा भागधारकांचा निधी मार्च २०२२ आणि मार्च २०२३ ला उणे होता. पुढच्याच वर्षी कंपनीने आठ हजार कोटींच्या वर नफा कमावला. ज्याने फक्त हा एक निकष लावला, त्याच्या यादीत ती कधीच आली नसती.

## ८. उलटा सापळा: जुन्या भावाची जमीन

आतापर्यंत फुगलेले आकडे उतरवले. कधीकधी आकडा दबलेला असतो. जमीन बहुतेक कंपन्या खरेदीच्या किमतीला धरतात, आणि खरेदी आजोबांच्या काळातली असते. बॉम्बे डाइंगचं बघा. मार्च २०२३ ला तिचा भागधारकांचा निधी उणे होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने वरळीतली सुमारे २२ एकर जागा जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीला ५,२०० कोटींना विकायचा व्यवहार जाहीर केला. ताळेबंद उणे आणि जमिनीवर सोनं.

पण म्हणून प्रत्येक बंद गिरणीमागे धावू नका. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनी वर्षानुवर्षं नियमांत, कोर्टात आणि कामगारांच्या देण्यांत अडकून राहिल्या. जमीन विकेल कधी, पैसा कर्जफेडीत किती जाईल, कर किती, आणि उरलेला प्रवर्तक शेअरधारकांपर्यंत पोचू देतील का, या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर जमिनीची किंमत कितीही असो, तुमच्या खिशाशी तिचा संबंध नाही.

हाच शेवटचा प्रश्न धारक कंपन्यांना, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून बसलेल्या कंपन्यांना, लागू पडतो. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सकडे एशियन पेंट्सचे शेअर आहेत, स्वतःचे शेअर फक्त दोन लाख. शेअरमागे मालमत्ता लाखांत, आणि बाजारातला भाव वर्षानुवर्षं साडेतीन रुपयांच्या आसपास होता, कारण त्या भावाला कोणी विकतच नव्हतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला विशेष लिलावातून भाव ३.५३ रुपयांवरून २,३६,२५० वर गेला, तरीही तो शेअरमागच्या मालमत्तेच्या निम्म्याच्याही खाली होता. धारक कंपनीतले शेअर प्रवर्तक विकत नाहीत, म्हणून बाजार तिथे कायम सूट मागतो.

## ९. भावाशी तुलना करताना

चाळून उरलेल्या आकड्याच्या खाली भाव असेल, तर आनंद व्हायच्या आधी मागच्या पाच वर्षांचे आकडे एका रांगेत लिहा. शेअरमागची मूर्त मालमत्ता दरवर्षी वाढतेय का? दरवर्षी पाच रुपयांनी घटत असेल, तर आज ४६ ला स्वस्त वाटणारा शेअर तीन वर्षांनी ३१ च्या मालमत्तेवर उभा असेल. शिवाय त्या मालमत्तेवर कंपनी किती कमावते ते बघा. बँकेच्या ठेवीपेक्षा कमी परतावा देणारी यंत्रं बाजार पूर्ण भावाने घेत नाही, आणि त्यात बाजाराचं काही चुकत नाही.

प्रवर्तकांचे तारण ठेवलेले शेअर, लेखापरीक्षकाचा अचानक राजीनामा, निकालाला सतत उशीर: यातलं एकही दिसलं तर मी हिशेबाची वही मिटतो.

## १०. आयपीओला अर्ज करताना

आयपीओ म्हणजे कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री. इथे हा आकडा आयता छापून मिळतो. सेबीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे, नफ्याच्या मार्गाने येणाऱ्या कंपनीची निव्वळ मूर्त मालमत्ता मागच्या तिन्ही पूर्ण वर्षांत किमान ३ कोटी हवी, सरासरी परिचालन नफा किमान १५ कोटी आणि निव्वळ संपत्ती प्रत्येक वर्षी किमान १ कोटी. मूर्त मालमत्तेतला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या रोकडीसारख्या मालमत्तेत असला, तर ते पैसे कुठे वापरणार हे आधी पक्कं करावं लागतं. पूर्ण इश्यू जुन्या भागधारकांच्या शेअरविक्रीचा असेल, तर ही निम्म्याची अट लागत नाही.

माहितीपत्रकात नियामक बाबींच्या प्रकरणात ‘इश्यूसाठी पात्रता’ असा भाग असतो, तिथे तीन वर्षांचा तक्ता सापडेल. जी कंपनी या अटी पुरी करत नाही ती दुसऱ्या मार्गाने येते: किमान ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांना, किरकोळ गुंतवणूकदारांना जास्तीत जास्त १० टक्के. म्हणजे किरकोळ कोटा ३५ ऐवजी १० टक्के दिसला, की ‘पात्रता’ हे पान उघडायचं आणि कोणती अट पुरी झालेली नाही ते वाचायचं. २०२१ मध्ये झोमॅटोचा इश्यू याच मार्गाने आला होता.